खोक्यातली पाच हजार काडतुसं

"काका, माझा श्वास बिघडलाय," असं ती एका संध्याकाळी म्हणाली, तिथून हे प्रकरण सुरू होतं.

ती माझ्या शेजारच्या लेनवर तीन वर्षं सराव करते आहे. ५० मीटर, पॉइंट टू-टू (०.२२ इंच) रायफल, नीलिंग-प्रोन-स्टँडिंग, म्हणजे गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून, तिन्ही पोझिशन. मी तिचा कोच नाही. वयाने मोठा आणि तिच्यापेक्षा बरीच जास्त काडतुसं वाया घालवलेला शेजारी, इतकंच नातं. तिची प्रोन मात्र मला चांगली ठाऊक होती, कारण ती बघत बसावी अशी होती. स्लिंग (रायफल हाताला बांधणारा पट्टा) घट्ट, कोपर जिथल्या तिथे, शॉटमागून शॉट दहाच्या आत किंवा दहाला चिकटून. दशांशात मोजले तर (दहाच्या रिंगणातही मध्याच्या जितकं जवळ तितके गुण जास्त) एका शॉटची सरासरी १०.२ च्या आसपास यायची.

आता तीच प्रोन ९.७ वर घसरली होती, आणि घसरण्याला एक ठराविक आकार होता. टार्गेटवरची भोकं डावी-उजवीकडे फारशी पसरत नव्हती, वर-खाली पसरत होती. उभा, लांबोडका ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका. नेमबाजी शिकवणारा कुणीही हा आकार बघून दोनच प्रश्न विचारेल: श्वास नेमका एकाच ठिकाणी थांबतोय का, आणि कोपर सरकतंय का. छाती फुगली की बटप्लेट (खांद्याला टेकणारी रायफलची मागची पट्टी) हलते आणि नळीचं तोंड वर-खाली होतं. तिलाही हेच शिकवलं होतं. त्यामुळे सहा आठवडे ती श्वासावर काम करत होती. स्लिंग एक भोक आवळली, मग सैल केली. बटप्लेट खाली घेतली. चटई बदलली. शॉट सोडायच्या आधी किती सेकंद थांबायचं याचा तक्ता केला. काही बदलांनी दोन दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा जैसे थे.

तिच्या पायाशी एक पुठ्ठ्याचं खोकं होतं आणि त्यात सुटी काडतुसं खिचडीसारखी ओतलेली होती. मी विचारलं, "हे कधीपासून?" ती म्हणाली, "झाले की दीड-दोन महिने."

तिने ती स्वस्तातली काडतुसं का घेतली, हे आधी सांगायला हवं, कारण तिचा हिशेब मूर्खपणाचा नव्हता. आठवड्याला चार दिवस, दिवसाला ८० शॉट. म्हणजे आठवड्याला ३२०, आणि मोसमाच्या तयारीच्या चार महिन्यांत पाच हजारांच्या वर. हा सगळा सराव मॅचच्या, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाच्या, काडतुसांवर करणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. एका मॅच काडतुसाच्या पैशात खोक्यातली चार येत होती. मग तिने ५००-५०० ची दहा खोकी उचलली, आधी एक, मग नऊ एकदम. तिचं म्हणणं साधं होतं: सराव म्हणजे हात बसवणं, आणि हात शॉट मारूनच बसतो. चारपट शॉट मिळत असतील तर भोकांचा थोडा पसारा सोसायला काय हरकत आहे?

हरकत आहे की नाही, हाच प्रश्न. मला तेव्हा वाटलं होतं की उत्तर मला माहीत आहे. पुढे मोजमाप केल्यावर माझं निम्मं उत्तर चुकलं.

दोन काडतुसांमधला फरक थोडक्यात सांगतो. पॉइंट टू-टूच्या काडतुसाला मध्यभागी दारू पेटवणारी टोपी नसते. पुंगळीच्या बुडाची जी घडी, म्हणजे रिम, तिच्या आत पेटणारं मिश्रण ओलं असताना गरगर फिरवून पसरवलेलं असतं आणि फायरिंग पिन त्या काठावर आपटते. हे मिश्रण सगळीकडे सारखं पसरलं नाही तर प्रत्येक काडतूस थोडं वेगळं पेटतं. मॅचच्या काडतुसात ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची, उघड्या शिशाची मेणचट गोळी असते आणि ती सेकंदाला ३२५-३३० मीटर वेगाने निघते. हा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या किंचित खाली ठेवलेला असतो. २० अंश तापमानाला ध्वनी ३४३ मीटर वेगाने जातो. खोक्यातलं काडतूस बहुधा हाय व्हेलॉसिटी असतं. गोळीवर तांब्याचा पातळ मुलामा, वेग ३७५ च्या आसपास. ते डबे उडवायला, मोकळ्या मैदानात मजा करायला बनवलेलं असतं, आणि त्या कामाला ते उत्तम आहे. मात्र ध्वनीपेक्षा वेगाने निघालेली ही गोळी ५० मीटरच्या आसपास पोहोचेतो ध्वनीच्या वेगापाशी उतरते, आणि तिथे हवेचा विरोध सगळ्यात त्रासदायक असतो. त्यातून एक उलटी गंमत होते. जास्त वेगाची ही गोळी वाऱ्याने कमी नव्हे, जास्त ढकलली जाते. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

शिवाय सुटी भरलेली खोकी. शिसं मऊ, काडतुसं एकमेकांवर आपटतात. तिच्या खोक्यातून मी दहा काडतुसं उचलली, त्यातल्या तिघांच्या नाकावर नखाने दाबल्यासारखे खळगे होते.

मी तिला लगेच "काडतूस बदल" म्हटलं नाही. कारण मी तसं म्हटलं असतं, तिने बदललं असतं, दोन दिवस बरे गेले असते, आणि तो सातवा तोडगा ठरला असता. आधीच्या सहा तोडग्यांसारखाच. आधी बघायचं होतं की चूक खरंच कुणाची.

पहिलं काम वही. दर शॉटनंतर स्कोपला डोळा लावायच्या आधी तिने सांगायचं, शॉट कुठे गेला असं वाटतं, दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. "साडेनऊ, चार वाजता." "दहा, मधोमध." मी ते लिहायचो, मग ती बघायची. याला शॉट कॉल करणं म्हणतात, आणि तो प्रोनमध्ये चांगल्या नेमबाजाला बऱ्यापैकी अचूक जमतो, कारण चाप सुटताना सायट (नेम धरायची खूण) कुठे होती हे डोळ्याने पाहिलेलं असतं. तिच्याकडे जुन्या मॅच काडतुसांचे काही डबे उरले होते. त्यांच्यावर ४० शॉट घेतले, तर कॉल आणि भोक यांत एका रिंगणाहून जास्त फरक फक्त पाच वेळा आला. खोक्यातल्या ४० शॉटमध्ये तो एकोणीस वेळा आला.

त्यातला एक शॉट मला अजून आठवतो. ती म्हणाली, "दहा. काका, हा नक्की दहा." भोक आठच्या रिंगणात, थेट खाली, सहा वाजता. तिने मान खाली घातली आणि पुटपुटली, "बघा, श्वास सुटला." श्वास सुटला नव्हता. मी तिच्या पाठीकडेच बघत होतो.

चोर सोडून संन्याशाला सुळी, असा सगळा मामला दिसत होता. पण एका संध्याकाळच्या वहीवर मी पैज लावली नसती.

दुसरं काम, माणूस बाजूला काढणं. टेबलावर पुढे-मागे वाळूच्या पिशव्या, त्यांवर रायफल, आणि नेमबाजाचं काम फक्त चाप दाबण्याचं. इथे एक खबरदारी घ्यावी लागते, ती बरेच जण घेत नाहीत आणि मग चुकीचा निकाल घेऊन घरी जातात. प्रत्येक काडतुसाच्या गोळीवरचं वंगण वेगळं असतं आणि नळीच्या आत त्याचा थर बसायला वीस-तीस शॉट लागतात. काडतूस बदलल्याबरोबर मारलेले पहिले शॉट दोघांच्या मिश्रणाचे असतात. त्यामुळे दर बदलानंतर आम्ही ३० शॉट मातीच्या बांधात घातले, मोजले नाहीत. क्रमही साधा ठेवला नाही. आधी मॅचचे २ ग्रुप, मग खोक्यातल्याचे ५, मग पुन्हा मॅचचे ३. म्हणजे दुपार चढल्यावर वारा बदलला तर त्याचं पाप एकाच काडतुसाच्या माथी जाऊ नये. प्रत्येक ग्रुप १० शॉटचा.

पाच शॉटचे ग्रुप का नाही? कारण पाच शॉटचा ग्रुप खोटं बोलतो आणि गोड बोलतो. गोळ्यांचा पसारा तोच असला तरी सगळ्यात दूरच्या दोन भोकांमधलं अंतर शॉट वाढवले की वाढतं. दहा शॉटचा ग्रुप पाच शॉटच्या ग्रुपपेक्षा सरासरीने पावपट मोठा येतो. शिवाय पाचाचे ग्रुप एकमेकांत इतके हेलकावतात की दहा ग्रुप मारले तर एखादा देखणा निघणारच, आणि माणूस नेमका त्याचाच फोटो काढतो. तिच्या फोनमध्येही असा एक फोटो होता: खोक्यातली काडतुसं, पाच शॉट, नाण्याएवढं एकच भोक. त्या फोटोच्या जोरावरच उरलेली नऊ खोकी आली होती.

दहा-दहाच्या ग्रुपांची सरासरी अशी आली: मॅच साडेअकरा मिलिमीटर, खोक्यातली २७ मिलिमीटर. आणि पिशव्यांवरूनसुद्धा, कुणाचाही श्वास आड येत नसताना, खोक्यातल्यांचा ग्रुप उभाच होता.

उभाच का? वेग मोजायचं यंत्र उसनं आणलं. वीस-वीस शॉट. मॅचमध्ये सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात संथ गोळीत सेकंदाला ९ मीटरचा फरक, खोक्यातल्यांत ३४ मीटरचा. आता हे आकडे कागदावर आणायला फार गणित लागत नाही. ३७५ ने निघालेली गोळी ५० मीटर जायला साधारण ०.१४ सेकंद घेते आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने ९६ मिलिमीटर खाली पडते. सायट ते पडणं गृहीत धरूनच लावलेली असते. पण वेग एक टक्का कमी झाला तर पडणं दोन टक्के वाढतं. ३४ मीटर म्हणजे वेगात नऊ टक्के, पडण्यात अठरा टक्के, म्हणजे १७ मिलिमीटर. मॅच काडतुसाचं तेच गणित ६-७ मिलिमीटरवर थांबतं. वेगातल्या फरकाने गोळी डावी-उजवीकडे जात नाही, फक्त वर-खाली जाते. श्वासानेही तेच होतं. दोन वेगळ्या रोगांचं लक्षण एक, आणि औषध चालू होतं ते भलत्याच रोगावर.

५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं रिंगण १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि पुढचं प्रत्येक रिंगण ८ मिलिमीटरने बाहेर. गोळी ५.६ मिलिमीटरची आणि रिंगणाला तिची कड नुसती लागली तरी गुण मिळतो, म्हणून गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असला की दहा. १७ मिलिमीटरचा उभा पसारा या ८ शेजारी ठेवून बघा.

मी मनात म्हटलं, झालं. खोकी परत कर किंवा कुणाला तरी देऊन टाक. तिला तसं बोललोही. तर ती म्हणाली, "काका, पण स्टँडिंगमध्ये माझा स्कोअर पडलेलाच नाही." मला वाटलं ती पैसे गेल्याचं दुःख हलकं करते आहे. वही काढली. खरंच पडला नव्हता.

इथे माझं निम्मं उत्तर चुकलं, आणि प्रकरणातला खरा रस इथेच आहे.

आपण सहज समजतो की नेमबाजाची चूक आणि काडतुसाची चूक यांची बेरीज होते. चार मिलिमीटर माझे, सात काडतुसाचे, एकूण अकरा. तसं होत नाही. कधी दोन्ही चुका एकाच दिशेला जातात, कधी एकमेकींना खोडतात. त्यामुळे बेरीज वर्गांची होते आणि मग वर्गमूळ. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू आणि कर्ण, शाळेत शिकलेलं तेच. याचा अर्थ असा की दोन चुकांपैकी मोठी असेल तिचंच राज्य चालतं, छोटी जवळपास हरवते.

तिचे आकडे घालून बघू. पसारा मी इथे एका दिशेतल्या प्रमाण विचलनात धरतो. ज्यांना हा शब्द नको त्यांनी "नेहमीची चूक" म्हणावं. पिशव्यांवरच्या ग्रुपांवरून मॅच काडतूस आणि रायफल मिळून ही चूक ३ मिलिमीटर येते, खोक्यातल्यांची ७. प्रोनमध्ये तिची स्वतःची सुमारे ४. मॅच काडतुसावर ३ आणि ४ चा कर्ण ५, खोक्यातल्यावर ७ आणि ४ चा कर्ण ८ च्या जरा वर. ५ च्या पसाऱ्यात ६० पैकी ४३ शॉट दहात बसतात, ८ च्या पसाऱ्यात २३. वीस दहा गायब, आणि नेमबाजात तसूभर बदल नाही.

आता स्टँडिंग. उभं राहून, स्लिंगचा आधार नसताना, तिची स्वतःची चूक साधारण १६ मिलिमीटर. १६ आणि ३ चा कर्ण १६.३. १६ आणि ७ चा कर्ण १७.५. फरक सात टक्क्यांचा. ६० शॉटमध्ये दहाची संख्या ७ वरून ६ वर येते. एका मालिकेत हा फरक नशिबाच्या चढउतारात बुडून जातो. तो डोळ्याला दिसायला शेकडो शॉट लागतील. तेच खोकं, तीच रायफल, तीच मुलगी. एका पोझिशनमध्ये काडतुसाने स्कोअरचं वाटोळं केलं, दुसऱ्यात त्याने काही केलं हे कळलंसुद्धा नाही.

म्हणजे "स्वस्त काडतूस घ्यावं का" हा प्रश्न काडतुसाकडे बघून सुटतच नाही. तुमचा स्वतःचा पसारा त्याच्यापेक्षा मोठा आहे की लहान, हे आधी माहीत असावं लागतं. पहिल्या वर्षातल्या नेमबाजाचा प्रोनसुद्धा १५-२० मिलिमीटर पसरतो. त्याच्या हाती सगळ्यात महागडं काडतूस दिलं तर ते त्याचे पैसे खाण्याखेरीज काही करणार नाही. आणि नेमका हाच नवा नेमबाज महागड्या डब्यांच्या मोहात पडतो, तर मुरलेला नेमबाज काटकसर करायला जातो.

एवढ्यावर आमचं एकमत झालं. पुढे झालं नाही, तेही नोंदवतो.

तेव्हा तिच्याकडे १,२०० काडतुसं उडून ३,८०० शिल्लक होती. तिने ठरवलं की ती सगळी स्टँडिंगमध्ये मारायची. मला ते पुरतं पटलं नाही, अजूनही पटत नाही. स्कोअर पडत नाही हे खरं, पण स्टँडिंगमध्ये तिचा शॉट कॉल आधीच एका रिंगणाइतका धूसर असतो. त्यावर काडतुसाचे सात मिलिमीटर आणखी धुकं घालतात. कॉल शिकायचा असेल तर भोक खरं बोलणारं हवं. नुसती उभं राहण्याची, पकड आणि चाप यांची घोटणीच करायची असेल तर काडतूस कशाला उडवायचं? रिकामी रायफल भिंतीवरच्या ठिपक्यावर धरून चाप दाबला तरी निम्मं काम होतं. (पॉइंट टू-टूमध्ये हे करताना एक लक्षात ठेवावं: बऱ्याच रायफलींत रिकाम्या चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, काठावर फायरिंग पिन आपटून दोन्ही खराब होतात. सरावाची खोटी पुंगळी घालावी किंवा ड्राय फायरची सोय असलेली यंत्रणा वापरावी.) तिचं म्हणणं होतं की धक्का आणि आवाज नसेल तर शरीर फसतं, खऱ्या शॉटला वेगळंच वागतं. यातही तथ्य आहे. शेवटी तिने निम्मा सराव रिकाम्या रायफलवर आणि निम्मा खोक्यावर असा तोडगा काढला. मी गप्प बसलो.

खोक्यातल्यांनी एक उपकार मात्र केला, तो कुणी लेबलवर छापत नाही. त्या १,२०० शॉटमध्ये नऊ मिसफायर झाले होते. रिमच्या त्या जागी मिश्रण पोहोचलेलंच नसतं, त्यामुळे पिन आपटते आणि काहीच होत नाही. अशा वेळी रायफलचं तोंड टार्गेटकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं, कारण काडतूस उशिरा पेटू शकतं. मगच बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) उघडायचा. पण त्या एका क्षणात, जेव्हा आवाज व्हायला हवा होता आणि झाला नाही, नळीचं तोंड काय करतं ते उघडं पडतं. तिच्या नळीचं तोंड दर वेळी खाली-उजवीकडे झुकायचं. धक्क्याच्या आधीच ती दचकत होती आणि तिला ते तीन वर्षांत कळलं नव्हतं. चांगल्या काडतुसांनी हे कधीच दाखवलं नसतं.

उलट दिशेची भीती जास्त गंभीर आहे. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, टार्गेटवर भोकच नाही, तर पुढचा शॉट अजिबात मारायचा नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते. काडतूस काढून, बोल्ट बाहेर घेऊन नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचं. तिच्या बाबतीत असं झालं नाही. पण जलद सरावात, एकामागून एक शॉट मारताना, दबका आवाज कानावेगळा होणं सोपं असतं.

मधल्या काळात तिने काडतुसं निवडून वापरायचाही प्रयत्न केला. आधी वजन करून. ते मी थांबवलं, कारण त्यातून फारसं हाती लागत नाही. पूर्ण काडतुसाचं वजन साडेतीन ग्रॅमच्या आत, त्यात दारू फक्त ०.०८ ग्रॅमच्या आसपास. गोळी आणि पुंगळी यांच्या वजनातला नेहमीचा फरकच दारूतल्या फरकाला गिळून टाकतो. तराजू काय मोजतोय हे तराजूलाही कळत नाही. मग रिमची जाडी मोजून वेगळी केली. जाडी सारखी असेल तर पिनचा घाव सारखा बसतो, असा त्यामागचा तर्क, आणि तो चुकीचा नाही. एका रविवारी तीन तासांत तिने पाचशे मोजली. टोकाची जाड-बारीक बाजूला काढल्यावर काही फ्लायर, म्हणजे ग्रुपपासून दूर भरकटणारे शॉट, कमी झाल्यासारखे वाटले, पण ग्रुप उभा तो उभाच राहिला. तीन तासांत तिने १५० शॉटचा सराव केला असता. दुसऱ्या रविवारी मोजपट्टी आली नाही.

एक शंका ती मला पुनःपुन्हा विचारायची, आणि बरेच जण विचारतात: या काडतुसांनी नळी खराब होते का? पॉइंट टू-टूत नाही. शिसं मऊ, दाब कमी, नळी हजारो शॉट सहज टिकते. चेंबर आणि बोल्ट जास्त घाण होतात, मेणचट गोळ्यांना खिशातली धूळ चिकटून चेंबरवर ओरखडे येऊ शकतात, तेवढी काळजी घ्यावी. मोठ्या बोअरच्या, म्हणजे जाड गोळीच्या, रायफलीची गोष्ट वेगळी. तिथल्या जुन्या लष्करी साठ्यातल्या काही काडतुसांच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळून मागे क्षार उरतो, तो हवेतला ओलावा ओढतो आणि नळी आतून गंजते. तेलाने तो जात नाही, पाण्यानेच धुवावा लागतो. त्या स्वस्ताईचा हिशेब स्वतंत्रच मांडायला हवा. आणि काडतूस स्वस्त असो की महाग, शिशाची धूळ दोन्हीकडे असते. हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, इनडोअर रेंजवर हवा खेळती नसेल तर तिथे तासन्‌तास बसायचं नाही.

प्रोनसाठी तिने पुढे काय केलं, ते सांगून थांबतो.

"स्वस्त घाऊक" हे दोन शब्द आपण एका श्वासात बोलतो, म्हणून त्यांची गल्लत होते. मोसमभराचा साठा एकदम घेणं हा नेमबाजासाठी उत्तम विचार आहे. एकाच लॉटची, म्हणजे एकाच यंत्रावर एका खेपेला भरलेली काडतुसं असली की सायट तीच राहते, वंगण तेच राहतं, वहीतले जुने आकडे नव्याशी ताडून बघता येतात. तिची चूक घाऊक घेण्यात नव्हती. वाईट भाग असा की दहा खोक्यांवर तीन वेगवेगळे लॉट नंबर निघाले. घाऊकीचा जो एकमेव खरा फायदा, तोही तिला मिळाला नव्हता.

काडतूस बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या, उदाहरणार्थ एली किंवा लापुआ, नेमबाजाची स्वतःची रायफल क्लॅम्पमध्ये बसवून वेगवेगळे लॉट तपासून देतात; कारण एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या डब्यातले दोन लॉट एकाच नळीत वेगळे वागतात. तिला तिथे जाणं शक्य नव्हतं. आम्ही घरगुती आवृत्ती केली. स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या चार लॉटचे प्रत्येकी तीन-तीन डबे आणले: दोन क्लब दर्जाचे, म्हणजे मॅचच्या निम्म्या किमतीचे, एक मॅचचा, आणि एक सगळ्यात वरचा. वाळूच्या पिशव्या, दर बदलाला ३० शॉट फुकट, मग दहाचे तीन ग्रुप. पहिल्या दोन क्रमांकांचे लॉट पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासले, कारण चार जणांत कुणीतरी नशिबानेही पहिला येतोच.

पहिला आला क्लब दर्जाचा एक लॉट. १३ मिलिमीटर सरासरी, दोन्ही वेळा. तिच्या जुन्या मॅच काडतुसापेक्षा दीड मिलिमीटर मागे. सगळ्यात वरचा तिसरा होता. ती त्या डब्याकडे बराच वेळ बघत राहिली; तिला वाटत होतं आपणच काहीतरी चुकलो. चुकलो नव्हतो. तो डबा दुसऱ्या कुणाच्या नळीत पहिला आला असता.

त्या क्लब लॉटची तिने दोन हजार काडतुसं घेतली. प्रत्येक पेटी उघडून लॉट नंबर बघितल्याशिवाय पैसे दिले नाहीत, दुकानदार वैतागला. स्लिंग जुन्या भोकावर, बटप्लेट जुन्या खुणेवर परत गेली. श्वासाचा तक्ता तिने वहीतून फाडला नाही, फक्त त्यावर एक आडवी रेघ मारली. तिसऱ्या आठवड्यात प्रोनची सरासरी १०.१ वर होती.

स्टँडिंगची खोकी अजून चालू आहेत. परवा एक मिसफायर झाला, मी मुद्दाम तिच्या नळीच्या तोंडाकडे बघत होतो. हललं नाही.